परळातली पंगत

पाहुणे यायचे असले की माझी सून जेवणाचं टेबल सजवते. खाली पिवळं कापड, त्यावर निळ्या बशा, पेल्यांत त्रिकोणी घडीचे कागदी रुमाल, मधोमध काचेच्या वाडग्यात पाणी आणि पाण्यावर झेंडूच्या पाकळ्या. सगळं स्वस्तातलं, बाजारातून हुडकून आणलेलं, पण नजर ठरत नाही असं. मग मला हाताला धरून आणते आणि विचारते, "आई, कसं दिसतंय?" मी छान म्हणते, आणि छान असतंच. पण तिला सांगत नाही की असलं सजवलेलं जेवण पाहिलं की मला आमच्या अव्वाची आठवण येते, आणि अव्वाची आठवण आली की अजून माझ्या कानशिलात रक्त चढतं. अव्वानंही एकदा उन्हाळा सरता सरता एक पंगत सजवली होती, ह्याहून रंगीत, ह्याहून स्वस्तात. फक्त ती कुणाला खूश करायला सजवलेली नव्हती.

आईला आम्ही अव्वा म्हणायचो आणि वडिलांना अप्पा. आमचं गाव हुलसूरकडच्या बाजूला, मांजरा नदीपासून चालत जाण्याजोगं. घरात कानडी आणि मराठी दोन्ही चालत, भांडण मराठीत आणि लाड कानडीत. अप्पांचं मिठागुळाचं लहानसं दुकान होतं, ओसरीतच. त्यामुळे घराला बारा महिने गुळाचा वास आणि बारा महिने मुंगळे. गिऱ्हाइकं पैशापेक्षा धान्यच जास्त देत, तेही ज्याचं त्याच्या घरी कौतुक नाही असं, म्हणजे बहुतेक हुलगेच. घरात हुलग्याचं पोतं कधी रिकामं झालेलं मला आठवत नाही. सकाळी अव्वा जात्यावर बसली की त्या घरघरीत अप्पांचं लिंगपूजेचं पुटपुटणं मिसळायचं आणि मी वाकळेत पडून दोन्ही ऐकायची. अप्पा स्वभावानं इतके मऊ की गिऱ्हाईक वजनावरून भांडायला लागलं तर हेच माप वाकडं धरून जास्तीचं घालत. त्यांच्या तोंडी कायम दोन शब्द: जाऊ दे. अव्वाच्या तोंडी ते शब्द मी जन्मात ऐकले नाहीत, आणि मी तिच्यावर गेले.

अप्पांचे थोरले भाऊ त्याच गावात वेगळे राहत. त्यांच्या बायकोला, म्हणजे आमच्या थोरल्या चुलतीला, आम्ही दोडव्वा म्हणत असू. अव्वा तिला जाऊ म्हणून अक्का म्हणायची. दोडव्वाकडे जमीन होती, बैलजोड्या होत्या, आणि आमची ताटं होती. ती कशी, ते सांगायला हवं. रझाकारांचा धुमाकूळ सुरू झाला तेव्हा लोकांनी तांब्यापितळेची भांडी जमिनीत पुरली. आमच्या घराला पुरायला जागा नाही, म्हणून अप्पांनी अव्वाच्या माहेरची पितळी ताटं, काठाला वेलबुट्टी कोरलेली, भावाच्या गोठ्यात नेऊन पुरली. पुढे फौज आली, निजामाचं राज्य गेलं, लोकांनी भांडी उकरून काढली आणि घासूनपुसून फळीवर मांडली. आमची ताटंही निघाली, पण ती दोडव्वाच्या फळीवर गेली. अप्पा मागायला गेले तेव्हा ती म्हणाली की मातीत सगळ्यांचं एकत्र होतं, आता कुणाचं कुठलं कसं ओळखायचं. अप्पा परत येऊन म्हणाले, जाऊ दे. अव्वानं चुलीत एक लाकूड सारलं, इतकं जोरात की ठिणग्या पार आढ्याला गेल्या.

आम्ही मग जर्मनच्या, म्हणजे ॲल्युमिनियमच्या, थाळ्यांत जेवायला लागलो. त्याही घरातल्या माणसांपुरत्याच. पाहुणा आला की एकानं थांबायचं. माझी थोरली बहीण लीलाक्का बहुतेक वेळा थांबायची, कारण ती अप्पांवर गेली होती. अशात लीलाक्काला स्थळ आलं, आळंदकडचं, कडगंचीचं. मुलगा शिकलेला, घर खाऊनपिऊन सुखी, आणि त्या घरात शब्द चालायचा मुलाच्या आत्याचा, नागम्माचा. नागम्मांनी निरोप धाडला: मुलगी बाजारात पाहिली, पसंत हाय, आता एकदा घरी जेवायला येतो, मग बोलू. जेवायला येतो ह्याचा अर्थ सगळ्यांना ठाऊक होता. घर कसं वाढतं ते पाहायचं, आणि त्यावर होय की नाही ठरवायचं. हे स्थळ दोडव्वाला तिच्या भाचीसाठी हवं होतं, तेही सगळ्यांना ठाऊक होतं. लीलाक्काला मुलगा आवडला होता हे मात्र फक्त मला ठाऊक होतं. त्या दिवसांत ती भाकरी थापता थापता थांबायची आणि पीठ वाळून जायचं.

अव्वा मला घेऊन दोडव्वाकडे गेली. मागायला नव्हे, तिचीच ताटं एका दिवसासाठी उसनी आणायला. स्वतःची वस्तू उसनी मागताना माणसाचा आवाज कसा होतो ते मी त्या दिवशी ऐकलं. दोडव्वा अंगणात नव्या चिंचेच्या ढिगापुढे बसून चिंचोके काढत होती. तिनं वर पाहिलंसुद्धा नाही.

"ताटं कशाला लागालीत गं?" ती म्हणाली. "कुंभाराकडं परळ मिळतेत की. त्यात वाढ. आमी कुत्र्यामांजरांना त्यातच वाढतो, काय बिघडत न्हाई."

"पाव्हणे हायत अक्का," अव्वा म्हणाली. "लीलाच्या जन्माचा प्रश्न हाय."

"आन् ताटात घालनार तरी काय? हुलगेच न्हवं? हुलगे आमच्याकडं बैल खातेत."

तिच्या गड्यानं मागे हसू दाबलं. अव्वानं पदर नीट केला, माझा हात धरला आणि आम्ही निघालो. वाटेत तिनं माझा हात इतका आवळला होता की बांगडीचा वळ उठला. घरी न जाता ती थेट कुंभारआळीत गेली आणि गुळाच्या ढेपेच्या बदल्यात परळ ठरवून आली. परळ म्हणजे मातीचं पसरट, उथळ भांडं, ताटाएवढं. अप्पांनी संध्याकाळी ते पाहिले, माणसं मोजली आणि परळ मोजले.

"एक जास्तीचा कामून आनलीस?" त्यांनी विचारलं.

"लागंल," अव्वा म्हणाली.

दुसऱ्या दिवशी दोडव्वाचा निरोप आला. तिच्या घरी अय्यांचा मुक्काम होता. अय्या म्हणजे आम्हा लिंगायतांचे जंगम गुरू. त्यांना घेऊन ती स्वतः आमच्याकडे जेवायला येणार होती. थोरल्या घरचं माणूस पंगतीला हवंच, आणि अय्यांच्या पायधुळीनं कार्य शुभ होईल, असं तिचं म्हणणं. अप्पांचा चेहरा उतरला. अय्या यायचे म्हणजे पाद्यपूजा, म्हणजे तूप, म्हणजे कमीपणा आता पाहुण्यांपुढेच नव्हे तर गुरूंपुढेही. दोडव्वाला नेमकं तेच हवं होतं. पण अव्वा हसली. कितीतरी दिवसांनी मी तिला हसताना पाहिलं.

"अय्या यायलेत?" ती म्हणाली. "लई चांगलं झालं. अक्काला सांग, येळेवर या."

मला तेव्हा कळलं नाही. आज सांगते. आमच्यात अय्यांच्या पंगतीला बसलं की पुढ्यात पडेल तो प्रसाद. त्यातलं शीतही टाकायचं नाही. सगळं संपवायचं, मग भांड्यात पाणी घालून बोटांनी विसळायचं आणि ते पाणीही प्यायचं. घरी कुणी कंटाळा करील, पण अय्यांसमोर नाही. आणि दोडव्वा तर गावभर सांगत फिरायची की तिच्या घरी ताटात कण राहत नाही. ती स्वतःच्या पायांनी, स्वतःच्या गुरूला घेऊन, अव्वाच्या हातात येऊन बसत होती.

मग तयारी सुरू झाली. वाढलेल्या माणसांसाठी आणखी परळ आले, तो जास्तीचा तसाच बाजूला राहिला. मांजरेच्या वाळवंटात टरबुजांच्या वाड्या असत. रोहिण्या लागून आभाळ भरून यायला लागलं की वाडीवाले घाई करत, कारण एकदा नदीला लोंढा आला की सगळं वाहून जाणार. तडकलेली, उन्हानं एका बाजूनं भाजलेली टरबुजं ते कुणालाही देऊन टाकत. अव्वा आणि मी पहाटे जाऊन डोक्यावर आणली. तिनं त्यातलं काहीच वाया घालवलं नाही. तांबडा गर फोडी करून, आतली पांढरी साल किसून तिची भाजी, आणि बिया वाळवून, भाजून, लाल मिरचीसोबत कुटून चटणी. वाऱ्यानं पडलेल्या कैऱ्या पाटलांच्या बांधावरून मी ओच्यात गोळा केल्या. अर्ध्या घालून वाटली डाळ झाली, पिवळीधमक, आणि अर्ध्यांचा दुकानातल्या गुळात गुळांबा झाला, मधासारखा. कारळाची काळी चटणी, जवसाची तपकिरी, कोथिंबिरीची हिरवी. हळदीचा भात. ताकात चिरलेली पात. आणि मधोमध, सगळ्यांत मोठ्या पातेल्यात, हुलग्याचे शेंगोळे. हुलग्याच्या पिठात लसूण आणि मिरची घालून मळलेले, बोटांवर वळलेले, रश्श्यात रटरटणारे. त्यांचा वास गल्लीच्या तोंडापर्यंत गेला. अव्वा रश्श्यात तिखट टाकताना क्षणभर थांबली, माझ्याकडे पाहिलं आणि आणखी एक चिमूट टाकली.

मांडणी लीलाक्कानं केली. पाट नव्हते म्हणून गुळाची पोती धुऊन, घडी घालून, त्यावर अव्वाच्या विरलेल्या इरकली लुगड्यांचे काठ पसरले, एक हिरवा, एक तांबडा, एक जांभळा. जमीन सारवली. रांगोळी विकत आणली नव्हती. पांढऱ्याला शिरगोळ्याच्या दगडाची पूड, तांबड्याला विटेची, पिवळ्याला हळद, काळ्याला कोळसा, हिरव्याला वाळवलेला पाला चुरून. प्रत्येक परळाभोवती वेगळी वेल. परळ गेरूनं घासून लाल केलेले, कडेला चुन्याचे ठिपके. त्या लाल मातीत ती पिवळी डाळ, काळी चटणी, तांबडी फोड, पांढरं ताक असं काही उठून दिसत होतं की मी दारात उभीच राहिले. पुढे मी पुष्कळ लग्नांत, पुष्कळ हॉटेलांत जेवले. तसं वाढलेलं ताट पुन्हा पाहिलं नाही, आणि हे काही मी आईवरच्या मायेनं बोलत नाही.

पाहुणे आले. नागम्मा आत्या ठेंगणी, कपाळभर विभूती, डोळे घारीचे. अय्यांना घेऊन दोडव्वा आली, नवी पैठणी नेसून, मागे तिचा नवरा, आमचे थोरले अप्पा. दारातून आत पाऊल टाकताच तिला परळ दिसले आणि तिच्या तोंडावर असा काही आनंद पसरला की मला तिथंच तिच्या झिंज्या ओढाव्याशा वाटल्या. तिला वाटलं, अव्वानं खरंच तिचं ऐकलं. पाद्यपूजा झाली. अय्या वरच्या बाजूला बसले, एका ओळीत पुरुष, समोर बायका. सगळ्यांनी गळ्यातलं लिंग काढून तळहातावर घेतलं. तेवढ्यात दोडव्वाला राहवलं नाही.

"काय करता आत्या," ती नागम्मांना गोड आवाजात म्हणाली, "गरिबी हाय. घरात ताटं न्हाईत, म्हणून परळ. वाईट वाटून घ्यू नगा."

लीलाक्का पाण्याचा तांब्या धरून उभी होती. नागम्मांनी अव्वाकडे पाहिलं. "व्हय गं? ताटं न्हाईत?"

अव्वानं पळी खाली ठेवली. "हायत की आत्या," ती शांतपणे म्हणाली. "माझ्या माहेरची हायत, पितळी, काठाला वेलबुट्टी. रझाकाराच्या वक्ताला आमच्या अक्कांनी त्यांच्या गोठ्यात पुरून वाचवली. त्या होत्या म्हणून राहिली. आजून त्यांच्याच घरी जपून ठेवलीत." मग ती दोडव्वाकडे वळली. "व्हय न्हवं अक्का?"

अय्यांनी डोळे उघडले आणि दोडव्वाकडे पाहिलं. तिच्या तळहातावर लिंग होतं. लिंग हातात असताना, गुरूसमोर, प्रसादाच्या परळापुढे बसून खोटं बोलण्याची छाती आमच्यात कुणाची नसते, दोडव्वाचीही नव्हती. तिचे ओठ दोनदा हलले.

"व्हय," ती म्हणाली. "जपून ठेवलीत."

"पुण्याचं काम केलीस," अय्या म्हणाले. "पोरीच्या लग्नात दे काढून."

थोरले अप्पा भोळे, ते म्हणाले, "उद्याच गाडीत घालून धाडतो की."

माझ्या अप्पांनी मान खाली घातली, पण मी लहान होते, मला खालून त्यांचा चेहरा दिसत होता. ते हसत होते.

मग अव्वा वाढायला लागली. अय्यांनी शेंगोळे तोंडात घातले, डोळे मिटले आणि पुन्हा मागितले. नागम्मा आत्या म्हणाल्या, "अगं बाई, आमची अज्जी करायची असले. कितीक वर्षं झाली, कुनी करंना." त्यांनी तिसऱ्यांदा घेतले, घाम पुसत घेतले. एवढं झाल्यावर दोडव्वाला नको म्हणायला जागाच उरली नाही. तरी तिनं परळावर हात आडवा धरला.

"अय्यांचा प्रसाद हाय अक्का," अव्वा मोठ्यानं म्हणाली.

"घे, घे," अय्या म्हणाले. "लाजायलीस कामून?"

दोडव्वानं हात काढला. अव्वानं पळी भरून वाढली, मग दुसरी भरून वाढली. मी मागे चटणीची वाटी घेऊन उभी होते, म्हणून पुढचं मला ऐकू आलं, दुसऱ्या कुणाला नाही. अव्वा वाकली आणि तिच्या कानाशी म्हणाली, "बैलांचं हाय अक्का. सावकाश खावा."

दोडव्वा जेवली. तिखटानं नाकाडोळ्यांतून पाणी येत होतं, पैठणीच्या पदरानं पुसता येत नव्हतं. शेंगोळा घशाखाली उतरताना तिची मान हलायची आणि मी ती प्रत्येक हालचाल बघत होते, सणासारखी. शेवटी तिनं परळात पाणी घातलं, बोटानं काठ पुसला, कुत्र्यामांजरांच्या त्या भांड्यातलं पाणी दोन्ही हातांनी उचललं आणि प्यायली. नागम्मांनी उठताना लीलाक्काच्या गालावरून हात फिरवला आणि अप्पांना म्हणाल्या, "पोरगी आमची. जे घर मातीत असं वाढतंय, ते पितळंत कसं वाढंल, लग्नात बघू."

दुसऱ्या दिवशी ताटं आली. अव्वानं एकेका ताटाच्या काठावरून अंगठा फिरवला आणि मग पहिल्यांदा रडली. अप्पा म्हणाले, "झालं न्हवं आता? सोड." वापरलेले परळ अप्पांनी नदीकडे नेऊन फोडले. जास्तीचा आणलेला कोरा परळ मात्र तिनं फडक्यात गुंडाळून फळीवर ठेवला.

माझं वय आता असं आहे की लोक मला क्षमेबद्दल सांगायला येतात. कीर्तनाला चला म्हणतात, मन हलकं होईल म्हणतात. माझं मन हलकंच आहे. दोडव्वा शेवटी अंथरुणाला खिळली तेव्हा मी तिला भेटून आले, तिचे पायही दाबले, पण त्या चिंचेच्या ढिगापुढे उभ्या असलेल्या माझ्या आईचा आवाज मी तिला माफ केला नाही. ते माझ्या हातात नाही आणि मला ते हवंही नाही.

पाऊस लागायच्या आत लीलाक्काचं लग्न झालं. मांडवात अय्यांची पंगत बसली. कडगंचीची माणसं एका ओळीत, समोर आमची, आणि सगळ्यांपुढे अव्वाची पितळी ताटं, चिंचेनं घासून उन्हात चमकणारी. दोडव्वा अय्यांच्या शेजारी मानानं येऊन बसली. तिच्यापुढची जागा रिकामी होती, फक्त रांगोळी होती, सगळ्यांत सुंदर, लीलाक्कानं हळद लागलेल्या हातांनी काढलेली. अव्वानं मला खूण केली. मी आत गेले, फळीवरचं फडकं सोडलं आणि तो परळ आणून दोडव्वापुढे ठेवला.

सगळी पंगत बघायला लागली. अव्वा पुढे आली. तिच्या आवाजात इतकी माया होती की नागम्मा आत्यांनाही वाटलं, जावाजावांत काय प्रेम आहे.

"आमच्या अक्कांना परळातच गोड लागतंय," ती म्हणाली. "त्या दिवशी थेंब ठेवला न्हाई. म्हणून खास त्यांच्यासाठी राखून ठेवला व्हता."

बायका कौतुकानं हसल्या. दोडव्वानं अय्यांकडे पाहिलं. अय्यांनी लिंग हातात घेऊन डोळे मिटले होते. तिनं माझ्याकडे पाहिलं, आणि मी नजर खाली घातली नाही. ती जेवली. गव्हाची गोड हुग्गी, भात, शेंगोळे, सगळं. शेवटचा घास संपेपर्यंत मी तांब्या घेऊन तिच्यापुढे उभी होते. मग परळात पाणी मीच ओतलं, काठोकाठ.